गुरुवारची जेलगाडी

गोंदिया जिल्ह्याला देवाने आणि सरकारने मिळून बरंच काही दिलं. तळी दिली, धान दिलं, मेडिकल कॉलेज दिलं, विमान उतरायला पट्टी दिली. मोठा तुरुंग तेवढा द्यायचा राहिला. त्यामुळे इथल्या माणसाच्या हातून काही घडलं, किंवा घडलं असं पोलिसांना वाटलं, की त्याला शेजारच्या जिल्ह्यात ठेवायला नेतात. आपल्या घरी जागा नसली की आपण लग्नाचं सामान शेजाऱ्याच्या पडवीत ठेवतो, तसंच. सामान मात्र लग्न झालं की परत येतं.

कुडव्याच्या हेमेंद्र रहांगडालेच्या घरची चूल या एका उणिवेवर पेटत होती.

त्याच्याकडे दहा सीटची एक गाडी होती. आधी तो वराती, साखरपुडे, अस्थिविसर्जन असं सगळंच करायचा. पण लग्नाला मुहूर्त लागतो. चातुर्मासात गाडी दारात उभी राहायची आणि तिच्या टपावर शेजारच्या कोंबड्या बसायच्या. एकदा गल्लीतल्या एका बाईने तुरुंगातल्या नवऱ्याच्या मुलाकातीला जायचं म्हणून गाडी विचारली. पुढच्या आठवड्यात तिने जाऊबाई आणली. त्याच्या पुढच्या आठवड्यात फिर्यादीकडचे दोघं येऊन बसले, कारण त्यांच्या भावावर उलट केस झाली होती. हेमेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. अटकेला मुहूर्त लागत नाही, अधिक मास आडवा येत नाही, आणि एकदा गेलेला माणूस लवकर परत येत नाही. असं टिकाऊ गिऱ्हाईक किराणा दुकानालाही मिळत नाही.

मग दर गुरुवारी त्याची गाडी निघू लागली. कुडव्याहून आमगाव, आमगावहून देवरी आणि तिथून हायवेने पश्चिमेला. सरळ रस्ता याहून जवळचा होता, पण सरळ रस्त्यावर गिऱ्हाईक कमी होतं.

त्याची बायको योगेश्वरी देवधर्माची. गुरुवारचा उपास, पहाटेचा सडा, सगळं नेमाने. गाडी निघायच्या आधी ती बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढी, चाकाखाली लिंबू ठेवी, नारळ फोडी आणि हात जोडून म्हणे, "देवा, गाडी भरून जाऊ दे, भरून येऊ दे." हे ती वरातीच्या दिवसांपासून म्हणत आली होती. गाडीचा धंदा बदलला, प्रार्थना तीच राहिली. देवानेही कधी हरकत घेतली नाही.

एका आठवड्यात गाडीतल्या दोघींच्या माणसांचे जामीन एकदमच झाले. हेमेंद्रने देवरीच्या पानठेल्यावर सहज सोडून दिलं, "आमच्या मिसेसच्या हातची पूजा हाय. बसनाऱ्याचं काम होतेच." बस्स. पावसाळा संपेपर्यंत ते शास्त्र झालं. बाया गाडीत चढण्याआधी बोनेटला हात लावायच्या, बोटाला लागलेलं कुंकू पदरात पुसून न टाकता तसंच जपत न्यायच्या आणि मुलाकातीच्या काचेवर पलीकडच्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर टेकवायच्या. एसटीचं तिकीट स्वस्त होतं, पण एसटीला कोण स्वस्तिक काढतं?

जेलच्या फाटकासमोर दुर्गाप्रसादचं हॉटेल होतं. तिथे चहा, आलूबोंडा मिळे. मोबाईल आत नेता येत नाही, तो ठेवायची सोय मिळे. आधारची झेरॉक्स मिळे. आत कुठला साबण चालतो, कुठला चालत नाही, हा सल्ला मिळे, आणि चालणारा साबणही तिथेच मिळे. मागच्या बाकावर दोन माणसं रोज आंघोळ करून, भांग पाडून बसलेली असत. ते तयार जामीनदार. ज्याला कोणी नाही त्याला ते, भाव ठरल्यावर. हेमेंद्रचा नाश्ता तिथे फुकट असे आणि गाडीतलं कोणी मागच्या बाकापर्यंत पोचलं, तर त्यात त्याचाही वाटा असे.

दुर्गाप्रसाद स्वतःला समाजसेवक समजे. "भाऊ," तो म्हणे, "आतल्याले सरकार खाऊ घालते, कपडा देते, पहारा देते. करोडोनं खर्च हाय. पन बाहेर जो उन्हात उभा हाय, त्याच्यावर सरकारचा खर्च किती? शून्य. त्याले कोन पाहते? आपन पाहतो."

आत माणसं जागेच्या दुप्पट होती. मुलाकातीहून आलेल्या बाया सांगत की रात्री एकाने कूस बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागते. "हाउसफुल हाय, तरी तिकीट चालू हाय," असं दुर्गाप्रसाद म्हणे आणि दुधाचा रतीब वाढवून घेई. त्यातही बहुतेकांचा गुन्हा अजून ठरायचा होता. शिक्षा सुरू झाली होती, निकाल मागून येणार होता.

घरचं जेवण फाटकाच्या आत जात नसे. ते ठाऊक असूनही बाया पहाटे उठून पुऱ्यांसारख्या सुवाऱ्या, वड्यांसारखे बडे करून आणत. पोलीस डबा परत करी. मग फाटकासमोरच्या निंबाखाली पंगत बसे. ज्याच्यासाठी केलं तो भिंतीपलीकडे, आणि त्याच्या वाट्याचं आमगावची बाई तिरोड्याच्या म्हाताऱ्याला वाढते आहे. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, डोकी फोडलेल्या दोन घरांच्या बाया तिथे एकाच बरणीतलं लोणचं खात. गावात मात्र त्या एकमेकींच्या विहिरीवर जात नसत.

या गाडीत देवरीहून बसणारी एक शामकलाबाई होती. देवरीच्या पुढे जंगलात तिचं गाव. बोलणं कमी. भाड्याला पैसे नसले की ती चारोळीची पुडी नाहीतर मोहफुलांची गठडी पुढे करायची. हेमेंद्र ती हातात तोलून घ्यायचा आणि थोडी कमी आहे असं तोंड करायचा.

एका गुरुवारी गाडीत एक सीट रिकामी राहिली. एकीचा नवरा सुटला होता. हेमेंद्रने हळहळ व्यक्त केली. योगेश्वरी म्हणाली, "मंग मी येतो. तिकडे दत्ताचं मंदिर हाय म्हणतेत." शामकलाबाईच्या शेजारची सीट तिच्या वाट्याला आली. इकडचे रस्ते असे, की शेजारी बसलेल्या दोन बाया तिसऱ्या खड्ड्याला ओळखीच्या होतात.

शामकलाबाई देवरीला चढली, आणि हायवे लागताच योगेश्वरीने विचारलं, "कोन हाय जी तुमचं आत?"

"पोरगा. भुपेंद्र."

"का केलंन?"

"टॅक्टर चालवे. रेती मालकाची, टॅक्टर मालकाचा, नदी सरकारची. माह्या पोराचे निस्ते हात होते. तलाठीसाहेब पकडाले धावले, चिखलात पडले. पोरानं पाडलं म्हनून लिवलं."

"अन् मालक?"

"त्याच रोजी घरी. टॅक्टरबी दंड भरून सुटला. पोरगा आतच हाय."

"जामिनाचं नाही पाह्यलं?"

"झाला ना जामीन. दिवाळीच्या आधीच झाला."

योगेश्वरीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. आता आषाढ तोंडावर आला होता. "झाला, मंग आत काऊन हाय?"

शामकलाबाईने तिला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. कोर्टाच्या साहेबाने सोडायला सांगितलं आहे, पण जामीनदार आणायला सांगितलं आहे. जामीनदाराकडे जमीन पाहिजे. यांच्याकडे जमीन आहे, पण ती वनहक्काच्या पट्ट्याची. ती विकता येत नाही, म्हणून कोर्टात तिची किंमत नाही. गावात सगळ्यांची तशीच. "सातबाऱ्यावाला सोयरा पाह्यजे. आमच्यात नाही तसा कोनी. हॉटेलवाल्यानं भाव सांगतला, तं हातचा चहा तसाच ठेवला मी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धानाचे परे टाकून आलो. आता रोपं रोवणीले येतीन. रोवन कोन? मागल्या वर्षी धानाची बांधी पडीतच गेली. औंदाबी गेली तं पोरगा सुटून खाईन का?"

 योगेश्वरीला समोर ड्रायव्हरच्या सीटवर नवऱ्याची मान दिसत होती. त्या मानेने टेपवरच्या भजनाचा आवाज वाढवला.

त्या दिवशी तिने निंबाखालची पंगत पाहिली, मागचा बाक पाहिला, आणि दुर्गाप्रसादने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात घडी करून काय सारलं तेही पाहिलं. दत्ताच्या देवळात ती बराच वेळ बसली. 

घरी आल्यावर ताट वाढता वाढता तिने विचारलं, "आमगावच्या वावराचा सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

"माह्या. का झालं?"

"त्याच्यावर बोजा?"

"एक पैसा नाही." हेमेंद्र अभिमानाने म्हणाला. त्याच्या बापाने मरताना सांगितलं होतं की आपण जातीचे पोवार, आणि पोवाराचा सातबारा आणि पोवाराचं धोतर, दोन्ही कोरं पाहिजे. "आपल्या पोरीले, प्रेरणाले पाहाले पाव्हने येतीन तं पहिले तेच दाखवीन."

"मंग त्या बाईच्या पोराले जामीन राहा."

हेमेंद्रने घास खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर हाय का तुयं? उद्या तो पयाला तं? कोर्ट माह्या दारात येईन."

"माय रोवणीसाठी रडून राहिली अन् पोरगा पयीन? कुठं पयीन? जंगलातूनच तं आला तो."

"अन् एकाले राहिलो का साऱ्या गाडीले राहा लागन. मंग गुरुवारी मी का रिकाम्या सीटा फिरवू?"

हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की बोलायला नको होतं.  इतक्या वर्षांत आपण देवाजवळ नक्की काय मागत होतो, ते योगेश्वरीला त्या ताटाशी बसून समजलं. गाडी भरून जाऊ दे म्हणजे कोणाच्या तरी दारात पोलिसांची जीप थांबू दे.

"सातबाऱ्याचा का मुरंबा करून बरणीत घातला तुमी?" ती म्हणाली. "येत्या गुरुवारपासून गाडीची पूजा मी करत नाही. देव म्हंजे काही ठानेदार नाही."

हेमेंद्रला वाटलं, बाईमाणूस आहे, गुरुवारपर्यंत उतरेल. उतरली नाही. सडा पडला, तुळशीला पाणी पडलं, बोनेट कोरं. त्याने मग स्वतःच देव्हाऱ्यातलं कुंकू उचललं आणि स्वस्तिक काढलं. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब झाला. नारळ फोडला, तो नासका निघाला. त्याने तो कुडव्याच्या नाल्यात टाकला आणि कोणाला सांगितलं नाही.

आमगावला पहिलीच बाई बोनेटला हात लावायला वाकली आणि तशीच उभी राहिली. "हे बाईच्या हातचं नोहे."

"तिची तब्येत बरी नाही," हेमेंद्र म्हणाला.

"मंग हप्ताभर थांबू आमी. आमच्या पोराची सोमवारी तारीख हाय. असं अर्धवट घेऊन नाही जात."

दुसरीने तर सरळ विचारलं, "बाई नाराज हाय का तुमच्यावर? का केलं तुमी?" बघता बघता चौघी उतरून एसटीच्या फलाटाकडे गेल्या. देवरीला पानठेल्यावर ही बातमी गाडीच्या आधी पोचली होती. त्या दिवशी गाडीत शामकलाबाई एकटी होती; तिला कोणीच बातमी सांगितली नव्हती. पुढच्या गुरुवारी तर हेमेंद्र गेलाच नाही. गाडीच्या टपावर पुन्हा कोंबड्या बसल्या.

जाहिरात त्याचीच, पसरवलेलीही त्यानेच. आता ती त्याच्या अंगावर आली होती. पूजेने जामीन होतो म्हटलं, तर पूजा नसली की अडतो, हेही ओघानेच आलं. यात लोकांना दोष देता येत नव्हता.

दुर्गाप्रसादचा फोन आला. त्याला सगळं कुठून तरी कळलं होतं. "भाऊ, फुकट जामीनदार होऊन राहिले म्हनते तुमी? असं नोका करू. धंद्याची शिस्त असते. आज तुमी फुकट राहान, उद्या दुसरा राहीन. माह्या बाकावरच्या दोघाइनं का खा? त्याईलेबी लेकरं हायेत."

हेमेंद्रला त्या दोघांचं खरोखर वाईट वाटलं. पण घरी भाजीत मीठ नसे आणि मागितलं तर योगेश्वरी पोथी वाचत असे. अखेर त्याने तलाठी कार्यालयातून सातबारा काढला, तहसीलातून ऐपतीचा दाखला काढला आणि शामकलाबाईच्या वकिलासोबत कोर्टात उभा राहिला.

साहेबांनी कागद पाहिले, मग त्याला पाहिलं. "आरोपी तुमचा कोण लागतो?"

कोर्टात खोटं बोलू नये असं योगेश्वरीने बजावलं होतं. "गिऱ्हाईक, साहेब."

"म्हणजे?"

"त्याची आई माझ्या गाडीत मुलाकातीला जाते."

"तुम्ही त्याला कधीपासून ओळखता?"

"आत गेला तेव्हापासून."

"भेटलात कधी?"

"नाही साहेब. मी हॉटेलात बसतो."

साहेबांनी चष्मा काढला. "मग त्याची वागणूक चांगली आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

हेमेंद्रने प्रामाणिकपणे विचार केला. "साहेब, आत गेल्यापासून त्यानं काहीच केलेलं नाही."

मागच्या बाकावरचे वकील खोकले. साहेबांनी पुन्हा चष्मा लावला, कागद वरखाली केले आणि म्हणाले, "प्रत्येक तारखेला आरोपीला हजर करायची जबाबदारी तुमची. समजलं ना?" हेमेंद्रने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं.

कागद जेलवर पोचेपर्यंत संध्याकाळची बंदी, म्हणजे कैदी कोंडायची वेळ, झाली होती, म्हणून सरकारने भुपेंद्रला आणखी एक रात्र खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमेंद्र आणि शामकलाबाई फाटकासमोर उभे होते. दुर्गाप्रसादने गल्ल्यावरून मान वळवली नाही. चहाही पाठवला नाही. लहान दार उघडलं आणि एक काळासावळा, बारीक पोरगा कापडी पिशवी घेऊन बाहेर आला. आईच्या पाया पडला. मग हेमेंद्रकडे पाहून म्हणाला, "तुमीच का जी गुरुवारमामा?"

"कोन?"

"आत तेच म्हनतेत तुमाले. गुरुवारी सारी बराक पहाटेच आंघोळ करते, भांग पाडते. मामाची गाडी येईन म्हनून. मागल्या दोन गुरुवारी पोरं तशीच भांग पाडून बसले राहिले."

 हेमेंद्रने पिशवी गाडीत ठेवायला हात पुढे केला. ती इतकी हलकी होती की हात उगाच वर गेला.

पुढच्या गुरुवारी योगेश्वरीने स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. प्रार्थना तिने मनातल्या मनात म्हटली, आणि हेमेंद्रने विचारण्याचं धाडस केलं नाही. गाडी भरली. चौघी परत आल्या, देवरीच्याही आल्या, शिवाय नव्या दोन. गाडी हायवेला लागल्यावर मागून एका म्हातारीने गोड आवाजात विचारलं, "हेमेंद्रदादा, एक मानूस कितीकाले जामीन राहू शकते जी?" सगळ्या गाडीने उत्तरासाठी कान टवकारले. हेमेंद्रने भजनाचा आवाज वाढवला. शेजारी योगेश्वरी बसली होती, तिने तो कमी केला.

भुपेंद्रची पहिली तारीख ऐन धानाच्या रोवणीत आली. आदल्या रात्री हेमेंद्रला झोप नव्हती. पोरगा गेला असेल, छत्तीसगडची हद्द तिथून हाकेवर, आपला सातबारा गेला, प्रेरणाचे पाव्हणे गेले. अंधारातच त्याने गाडी काढली आणि देवरीच्या पुढे, जंगलातल्या त्या गावात जाऊन शामकलाबाईच्या दारात थांबला. दाराला कडी.  शेजारच्या म्हाताऱ्याने दातातली काडी न काढता हाताने दिशा दाखवली.

बांधीत सगळं गाव वाकलेलं होतं. मध्ये भुपेंद्र, गुडघाभर चिखलात, पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी हातात. "मामा, आले का?" तो मान वर न करता म्हणाला. "एवढी बांधी झाली का निघू."

"अरे बापू, अकराला पुकारा हाय."

"होते ना."

धुऱ्यापलीकडच्या वाटेवरून एक रेतीचा ट्रॅक्टर धडधडत गेला. तोच ट्रॅक्टर, चालवणारं पोरगं नवं होतं, मिसरूड न फुटलेलं. सगळ्यांनी पाहिलं. भुपेंद्र म्हणाला, "याच्या मायले तुमच्या गाडीचा वार सांगून ठेवा लागते, मामा." कोणी हसलं, कोणी हसलं नाही.

हेमेंद्र घड्याळ बघत धुऱ्यावर येरझारा घालत होता. शामकलाबाईने कमरेला हात लावून सरळ होत त्याच्याकडे पाहिलं. गाडीत ती कधी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. "दादा, उभे का राहिले जी? हात लावा, म्हंजे लवकर होईन." आणि पऱ्ह्यांची एक पेंडी त्याच्या पायाशी टाकली. आमगावला त्याची स्वतःची बांधी त्याच वेळी मजूर रोवत होते. त्याने बूट काढले, पँट वर दुमडली आणि उतरला.

कोर्टात दोघं पोचले ते चिखलाच्या पायांनी. शिपायाने त्यांना पायरीवरच अडवलं आणि नळ दाखवला. भुपेंद्र पाय धूत होता तेव्हाच पुकारा झाला; हेमेंद्र ओल्या पायाने आत धावला आणि ओरडला, "हजर हाय, साहेब, पाय धुऊन राहिला." पुढे काही झालं नाही. साक्षीदार रजेवर होते. कारकुनाने पुढची तारीख सांगितली.

हेमेंद्रने बोटावर मोजलं. "बाबू, त्या दिवशी गुरुवार येते."

"मग?"

"माझी गाडी असते गुरुवारी."

"जामीन राहताना वार विचारला होता का?" कारकून म्हणाला आणि पुढचा कागद ओढला.

बाहेर भुपेंद्र शर्टाच्या टोकाने पाय पुसत उभा होता. "का झालं, मामा?"

"काही नाही. तारीख भेटली."

"मंग चला लवकर. दिवस मावळेपर्यंत खालची बांधी होते."

हेमेंद्रने गाडी सुरू केली.